पाच पिवळ्या डब्या

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी संजना राऊतने टाकीचं झाकण उघडलं, आतल्या गुंडाळीवरचं फिल्मचं टोक पकडलं आणि पट्टी उलगडत खिडकीच्या उजेडाकडे धरली. पट्टीवर काहीच नव्हतं. चेहरे नव्हते, मांडव नव्हता, कडेला छापलेले आकडेही नव्हते. पलीकडची केळीची पानं पट्टीतून जशीच्या तशी दिसत होती.

तिने पट्टी पूर्ण उलगडली. छत्तीस फोटोंची जागा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुसलेल्या काचेसारखी.

गिरीज गावात, राऊतांच्या वाडीत, विहिरीच्या बाजूला ही खोली आहे. पूर्वी तिथे केळीचे घड पिकायला ठेवत. गेली सहा-सात वर्षं संजना तिथे कॅमेऱ्याच्या फिल्म धुते. मुंबईतली, विरारची, कधी पुण्याची तरुण पोरं जुने कॅमेरे विकत घेतात, फोटो काढतात आणि रोल कुरिअरने इकडे पाठवतात. एका टेबलावर पाण्याचा टब, त्यात रसायनाच्या बाटल्या, पाणी अडतीस अंशांवर ठेवणारा हीटर, लोणच्याच्या बरणीएवढी काळी टाकी, आणि भिंतीला पिकलेल्या केळ्यांचा वास, जो काही केल्या जात नाही.

पट्टी कोरी निघाली की धुणाऱ्याचा पहिला संशय स्वतःवर जातो. बाटल्यांची अदलाबदल झाली का? संजनाने बाटल्या पाहिल्या. क्रम बरोबर होता. मग तिने पट्टी पुन्हा उजेडात धरली आणि तिच्या लक्षात आलं. कोडॅकची रंगीत फिल्म पूर्ण कोरी निघाली तरी नारिंगी असते, सोड्याच्या जुन्या बाटलीसारखी. ही पारदर्शक होती. म्हणजे ही कोडॅक नव्हतीच. डबी कोडॅकची, पिवळीधमक. आत मात्र इल्फर्डची काळीपांढरी फिल्म होती.

रंगीत फिल्म धुताना चित्र आधी चांदीत उमटतं, चांदीच्या जागी रंग बसतो आणि शेवटचं रसायन चांदी काढून टाकतं. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी हेच चित्र असतं. ती निघून गेली की मागे राहतं ते प्लास्टिक.

टेबलावर आणखी चार पिवळ्या डब्या होत्या. पाचही तिच्या मुलीच्या, जागृतीच्या, हळदीच्या. या पाचांपैकी एकीत रखमाबाईचा फोटो होता.

रखमाबाई म्हणजे संजनाची सासू. वय ऐंशीच्या पुढे. तिचा फोटो आधार कार्डावरचा सोडला तर जगात कुठेही नाही, आणि त्या एका फोटोनेच घोटाळा केला होता. तो पाहून ती म्हणाली होती, "ही पकडलेली चोर कोण?" आणि त्यानंतर कोणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर. बारशी, लग्नं, वास्तुशांत, सगळ्या फोटोंत घरातली माणसं दिसतात आणि कडेला एक पदर दिसतो.

जागृतीने लग्नाआधी हट्ट धरला. "आजी, मी हैदराबादला जाणार. भिंतीला तुझा फोटो हवा. नाहीतर मांडवात उभी राहणार नाही."

रखमाबाईने दोन दिवस विचार केला आणि तीन अटी घातल्या. मोबाईलवर काढायचा नाही, कारण तो लगेच गावभर जातो. एकदाच काढायचा, पुन्हा बस म्हणायचं नाही. आणि रंगीत काढायचा. तिसऱ्या अटीचं कारण तिने ओटीवरच्या भिंतीकडे बोट करून सांगितलं. तिथे तिचे सासरे, सासू, दीर आणि नवरा दयाराम असे चौघे ओळीने टांगलेले आहेत. "हे सगळे काळेपांढरे बघ. एक तरी जिवंत हाय का?"

त्या अटींमुळे मोबाईल बाद झाले आणि काम आलं मार्सेलकडे.

मार्सेल पाचूबंदरचा. बाप मच्छीमार, भाऊ मच्छीमार. यालाच समुद्र लागायचा, म्हणून तो फोटोग्राफर झाला. वसईतली निम्मी लग्नं त्याने काढली. दयारामचा तो जिवलग दोस्त होता आणि ओटीवरचा दयारामचा फोटोही त्यानेच काढलेला, ऊटीला बनणाऱ्या इंदू फिल्मवर. आता वय एकाहत्तर. लग्नं सोडली, पण सकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असताना गळ्यात कॅमेरा असतोच. मार्सेल इल्फर्डचा माणूस. मासळीचं ओलं अंग, जाळ्याची गाठ, कोळणीच्या कपाळावरची आठी, हे इल्फर्डनेच काढावं असं त्याचं ठाम मत.

तो काटकसरीही आहे. इल्फर्डचा शंभर फुटांचा डबा आणतो आणि घरी अंधारात कापून रिकाम्या डब्यांमध्ये भरतो. रिकाम्या डब्या त्याला संजना पुरवते. त्यासाठी ती डबी फोडत नाही. फिल्म तोंडातून ओढून काढते आणि शेवटी बोटभर शेपूट सोडून कापते. मार्सेल त्या शेपटीला चिकटपट्टीने नवी फिल्म जोडतो आणि आत गुंडाळतो. डब्या बहुतेक कोडॅकच्याच, कारण पोरं तीच फिल्म जास्त वापरतात. म्हणून ओळख पटावी यासाठी इल्फर्ड भरलेल्या डबीवर तो जखमेवर लावायची पांढरी पट्टी चिकटवतो. इतक्या वर्षांत या पट्टीत कधी चूक झालेली नाही.

हळदीचे पाचही रोल त्याने एका डब्यात घालून धनेशकडे, संजनाच्या नवऱ्याकडे, दिले होते. "संजनाला दे, तिला कळेल." संजनाने डबा उघडला तेव्हा पाचही डब्या लख्ख पिवळ्या होत्या. पांढरी पट्टी एकीवरही नव्हती. म्हणजे पाचही कोडॅक.

तरी नवं रसायन कालवलं की ती आधी एकच रोल धुते, आणि ती सवय आज कामी आली होती. दुसरी सवय, अंगठ्याने फिल्म चाचपायची, मात्र वाया गेली होती. सकाळी उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून ती फिल्म ओढत होती, तेव्हा अगदी शेवटी अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. चिकटपट्टीची गाठ. नेमकं तेव्हाच बाहेरून रखमाबाईने हाक मारली, "संजना, नारळवाला आलाय, किती देऊ?" संजनाने सांगितलं, "शंभर!" आणि बोटांनी कात्री चालवली. अंगठ्याला कळलं होतं. डोकं नारळात होतं.

तिने मार्सेलला फोन लावला.

"मामा, हळदीला इल्फर्ड वापरलीत?"

"दोन रोल. का गं?"

"पट्ट्या कुठे आहेत?"

"डब्यांवर."

"नाहीत."

पलीकडे धक्क्यावर कोणीतरी पापलेटचा भाव ओरडत होतं. मार्सेल लिलावातून बाजूला झाला. मग म्हणाला, "कशाला हात लावू नको. आलोच."

मार्सेल येईपर्यंत संजनाने खरंच कशाला हात लावला नाही, आणि तिच्यासाठी ते अवघड होतं. ती नुसती बसू शकणाऱ्यांपैकी नाही. वयाच्या विसाव्या वर्षी ती वसई स्टेशनजवळच्या एका कलर लॅबमध्ये मशिनवर लागली. फोटो छापायच्या त्या मशिनला फिल्मच्या कंपनीप्रमाणे वेगवेगळी बटणं होती. कोडॅक आली की एक, फूजी आली की दुसरं, कोनिकाला तिसरं. बाकीच्या मुली बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. संजना बघत बसायची. तेच चर्चचं दार, तोच मांडव, तेच लोक. पण चार कंपन्यांच्या चार फिल्मवर चार तऱ्हांनी यायचे.

कोडॅक तिला लग्नघरातल्या मावशीसारखी वाटायची. कोणालाही जवळ घेईल, सावळ्याला सोनेरी करेल, हळद तर अशी दाखवेल की फोटोला वास यावा. फूजी वाडीची. हिरव्या रंगाचे तिच्याकडे इतके प्रकार की केळीचं पान, नारळाचं पान आणि विड्याचं पान शेजारी ठेवलं तर तीन वेगळी दिसतील. गिरीजच्या एका बागायतदाराने कृषी अधिकाऱ्याला दाखवायला करपा पडलेल्या केळीचे फोटो फूजीवर काढले होते. अधिकारी म्हणाला, बाग छान आहे की. कोनिकावर लाल शालू आणि गोरी कातडी दोन्ही सांभाळून यायचं, पण ती फिल्म बंद झाली. इल्फर्ड धीराची. उजेड कमी पडो, जास्त पडो, फोटोग्राफरची चूक ती पोटात घालते आणि माणसाचा चेहरा कोरून देते.

पुढे डिजिटल आलं, लॅब बंद पडली, मशिन भंगारात गेलं. संजनाने दहाएक वर्षं वाडीतली फुलं बाजारात पाठवली. मग एक दिवस विरारच्या चिराग नावाच्या मुलाने कोणाकडून तरी ऐकून तिला शोधून काढलं, कारण त्याच्याकडे एक रोल होता आणि धुणारं कोणी नव्हतं. त्याने तिला तेव्हाच विचारलं होतं, "काकी, सगळ्यात बेस्ट फिल्म कुठली?"

"मसाला कुठला चांगला असं विचारतोस तू," संजना म्हणाली. "कशात घालणार ते आधी सांग."

चिरागने हे वाक्य इंटरनेटवर टाकलं. तेव्हापासून रोल येत आहेत, आणि बरोबर चिठ्ठ्याही. कोणी विचारतं, चिंचोटीच्या धबधब्याला काय नेऊ. कोणी विचारतं, आजोबांच्या पंचाहत्तरीला काय भरू. संजना प्रत्येकाला उत्तर देते आणि एकालाही बेस्ट सांगत नाही.

मार्सेल स्कूटरवरून उतरला तेव्हा त्याच्या शर्टाला मासळीचा वास होता. त्याने आधी कोरी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"पाणी गरम ठेव," तो म्हणाला. त्याच्या तोंडी ते 'पानी' होतं. "मी आठवून सांगतो. डाव्या खिशात इल्फर्ड, उजव्या खिशात कोडॅक. हा माझा कायदा. खिसा चुकत नाय."

"मग पट्ट्या कुठे गेल्या?"

"तेच तर."

"त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासून सांगायला फार नव्हतं. मार्सेल वाडीच्या दारात आला तोच नवरीच्या मावश्यांनी त्याला गाठला. फोटोग्राफरला हळद लावायची नाही असा नियम कुठेच लिहिलेला नाही. कॅमेरे धनेशने वरच्यावर उचलले, म्हणून वाचले. मार्सेल मात्र डोक्यापासून कमरेपर्यंत पिवळा झाला. शर्ट काढून ठेवावा लागला आणि धनेशचा शर्ट घालावा लागला.

"आणि खिशातल्या डब्या?"

"त्या ओल्या शर्टात. नव्या शर्टात कोणी घातल्या..." मार्सेल थांबला. "मी नाय घातल्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दारातून आवाज आला.

"मी घातल्या." रखमाबाई उंबऱ्यावर उभी होती, हातात कोयता. "पाची डब्या हळदीत लडबडल्या होत्या. घासून पुसून लख्ख केल्या. दोघींना तर कसली घाण चिकटली होती, निघता निघेना. नखाने काढली."

"वहिनी," मार्सेल म्हणाला, "ती घाण नव्हती."

"पांढरी पट्टी होती, मळकी. जखमेवर लावतात तसली. शी! दुसऱ्याच्या जखमेची पट्टी कॅमेऱ्यात घालतोस?"

"मग खिशात कशा ठेवल्यात?"

"कशा म्हणजे? मावतील तशा. दोन इकडे, तीन तिकडे." तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "का? माझा फोटो आला नाय का अजून?"

"धुतोय, आई," संजना म्हणाली.

"धुवा, धुवा. मी पण धुतल्या होत्या त्या." आणि ती नारळ सोलायला निघून गेली.

फिल्मच्या टोकाचा रंग बघूनही मार्सेलला डबीतली फिल्म ओळखता आली असती. पण त्या संध्याकाळी त्याचा एक डोळा मोतीबिंदूचा आणि दुसरा हळदीचा झाला होता. त्याने खिशावर विश्वास ठेवला. आणि रोल संपला की तो फिल्म टोकासकट पूर्ण आत गुंडाळतो, त्यामुळे आता बाहेरून बघण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"आईंचा फोटो कुठल्या खिशातल्या डबीवर काढलात?" संजनाने हळू आवाजात विचारलं.

मार्सेल स्टुलावर बसला. "डाव्या."

"म्हणजे इल्फर्ड समजून?"

"समजून म्हणजे काय? इल्फर्डच! त्या चेहऱ्याला मी तुझी ती कोडॅक मावशी लावू? ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या, त्या इल्फर्डनेच काढाव्यात."

"आईंनी रंगीत सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. विचारलं पण, रंगीत हाय ना रे? मी म्हटलं, हाय वहिनी." मार्सेलने मान खाली घातली. "म्हटलं, फोटो बघतील तेव्हा रंग विसरतील."

"अहो मामा, भिंतीवर चौघे आहेत म्हणून त्या..."

"आता माहीत झालं."

आता शक्यता दोनच होत्या. इल्फर्डचे दोन रोल होते. त्यातला एक संजनाने पुसून टाकला होता. दुसरा त्या चार डब्यांत होता. जागृती आणि तिचा नवरा सुरज बोईसरहून चारपर्यंत येणार होते, मांडवपरतणीला. आल्याबरोबर जागृती पहिलं काय विचारणार ते संजनाला माहीत होतं, आणि रखमाबाई पुन्हा बसणार नाही हेही.

तिने चारही डब्या काळ्या पिशवीत टाकल्या, दोन्ही बाह्यांत हात घातले आणि डोळे मिटले. पिशवीत हात असताना डोळे उघडे ठेवण्यात काही अर्थ नसतो. एकेका डबीतून फिल्म हळूहळू ओढत गेली, शेवटपर्यंत, डबीच्या तोंडाशी अंगठा टेकवून. पहिली सरळ. दुसरी सरळ. तिसरीच्या शेवटी अंगठ्याला गाठ लागली. या वेळी नारळवाला आला असता तरी तिने ऐकलं नसतं. चौथी सरळ.

"सापडली," ती म्हणाली.

काळ्यापांढऱ्याची बाटली मार्सेलने स्वतः कालवली. टाकी हलवायचं कामही त्यानेच मागून घेतलं. तो टाकी उलटीपालटी करत होता, ओठ हलत होते. मिनिटं मोजत होता की प्रार्थना करत होता ते कळायला मार्ग नव्हता. धुऊन झाल्यावर त्याने पट्टी बाहेर काढली आणि संजनाच्या हातात दिली. "तू बघ. माझा डोळा नको."

संजनाने पाहिली. पट्टी भरलेली होती. मागच्या अंगणात जात्यावर हळद दळणाऱ्या बायका. खुंट्यावरचे चार हात, मनगटापर्यंत भुकटी. हसताना मागे गेलेली एक मान. पोत्यांवर तोंड उघडं टाकून झोपलेला धनेश. पट्टी जरा गडद होती, म्हणजे हे सगळं मार्सेलने कोडॅक समजून काढलं होतं आणि उजेड गरजेपेक्षा जास्त दिला होता; कोडॅकला इल्फर्डच्या दुप्पट उजेड लागतो. इल्फर्डने ते कुठेही मनावर घेतलं नव्हतं. हाताच्या शिरासुद्धा मोजता येत होत्या.

तिने छत्तीसही चौकटी पाहिल्या. मग उलट्या बाजूने पुन्हा पाहिल्या.

"आई नाहीत."

मार्सेलने हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं आणि बाहेर गेला. रखमाबाई विहिरीच्या कट्ट्यावर नारळ सोलत होती. संजनाला दारातून सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, मी खोटं बोललो. तुमचा फोटो काळापांढरा काढला."

"काय?"

"आणि तो गेला. पुसला गेला. संजनाची चूक नाय. माझी."

नारळ सोलायचा आवाज थांबला. "म्हणजे मी विचारलं तेव्हा हो म्हणून, तू मला भिंतीवर टांगायला निघाला होतास?"

"तसं नाय..."

"खोटारडा."

"हो."

"दयारामला पण असाच फसवायचास. पत्त्यात."

"ते कोनी सांगितलं?"

"त्यानेच. आणि तो काळापांढरा नव्हताच. रंगीत होता. मी बघितलंय."

"काय बघितलं?"

"डबी. पिवळी होती."

"वहिनी, पाची डब्या पिवळ्या होत्या!"

"मग पाची रंगीत असतील."

मार्सेल कट्ट्यावर टेकला. संजना आत वळली. तीन डब्यांची रंगीत फिल्म टाकीत जायची होती; फोटो गेला म्हणून बाकीची हळद थांबणार नव्हती. रसायन अडतीस अंशांवर होतं. तिने तिन्ही रोल एकदम घातले. टाकी हलवत असताना ती जागृतीला काय सांगायचं ते मनात जुळवत होती. दर वाक्याची सुरुवात 'हे बघ' अशी होत होती आणि पुढे जात नव्हती.

पहिली पट्टी नारिंगी, भरलेली. नवरी, मावश्या, पिवळा झालेला अंगणातला कुत्रा. दुसरी भरलेली, पण जरा पातळ. तिसरी पट्टी तिने उजेडाकडे धरली आणि तीही तशीच पातळ वाटली. उजेड कमी मिळालेल्या फिल्मसारखी. मार्सेलसारखा माणूस कोडॅकला उजेड कमी का देईल? दोनशेच्या फिल्मला निम्म्या उजेडात भागणारी चारशेची समजला तरच. म्हणजे इल्फर्ड समजला तरच.

तिने पट्टी डोळ्याजवळ नेली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. कोडॅकच्या नारिंगीत हळद निळसर दिसते, काळे केस पांढरे, पांढरे केस काळे. केळीच्या खोडापुढे पाटावर कोणीतरी बसलं होतं, गुडघे जवळ घेऊन, डोक्यावरून पदर, दोन्ही गालांवर निळसर पट्टे. केस काळे कुळकुळीत.

घरात निगेटिव्हमध्ये इतके काळे केस एकाच बाईचे असू शकतात.

"मामा!" संजना ओरडली. "या इकडे! कोडॅक आहे! आई कोडॅकवर आहेत!"

मार्सेल आला तो धावतच. पाठोपाठ रखमाबाई, कोयता हातातच.

"तुम्ही इल्फर्ड समजून कोडॅक घातली," संजना म्हणाली, "आणि कोडॅक समजून इल्फर्ड. आईंनी खिसे बदलले."

"मग पुसली ती?"

"डाव्या खिशातल्या दोन्ही या पातळ पट्ट्या, म्हणजे ती पण तुम्हाला कोडॅकच वाटली असणार. काय काढलं होतं उजव्या खिशातल्या फिल्मवर?"

मार्सेलने उजव्या खिशातल्या फिल्म एक एक आठवल्या. दळण, नवरी, आणि... "पाव्हणे," तो शेवटी म्हणाला. "मांडवात ओळीने उभे केलेले पाव्हणे. मामा, मामी, काका, काकी, चुलत काका."

"त्यांचे मोबाईलवर चारशे आहेत," संजना म्हणाली, आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

"मी काय सांगत होते?" रखमाबाई म्हणाली. "पिवळी होती."

पट्टी सुकल्यावर संजनाने ती स्कॅन केली. तिघे कॉम्प्युटरसमोर. फोटोत उजेड थोडा कमी होता, सावलीत दाणे दिसत होते. पण कोडॅकने आपलं काम चोख केलं होतं. हळदीच्या वेळी रखमाबाई आधी हात लावू देत नव्हती, विधवेने लावायची नसते म्हणून. जागृतीने ऐकलं नाही. दोन्ही पंजे भरून गालांवर ओढले. आणि त्यानंतर लगेच आजीला पाटावर बसवलं होतं. ती हळद इथे तशीच्या तशी होती, ओली, केशरीकडे झुकणारी, सुरकुत्यांत उतरलेली.

मार्सेल स्क्रीनकडे वाकला. "माझ्या इल्फर्डवर," तो सावकाश म्हणाला, "ही हळद गालाला पीठ लागल्यासारखी दिसली असती."

"आणि दळणाऱ्या बायका कोडॅकवर नुसत्या पिवळ्या झाल्या असत्या," संजना म्हणाली. "ते हात दिसले नसते."

"म्हणजे वहिनींनी बरोबर भरल्या."

"मी सगळंच बरोबर भरते," रखमाबाई म्हणाली. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली होती. "अगंबाई. ही तर माझी सासू."

"आई, त्या तुम्ही आहात."

"नाक बघ ना. तसंच. आयुष्यभर त्या नाकाला नावं ठेवली मी." ती मागे सरकली, पुन्हा पुढे झाली. "रंग बरा आलाय. पण हे लुगडं जुनं होतं. घाईत बसवलं पोरीने."

धनेशने प्रिंट स्टेशनजवळच्या दुकानातून करून आणला, मोठा, मॅट कागदावर. जागृती आणि सुरज साडेचारला आले. जागृतीने चप्पल काढायच्या आधी प्रिंट हातात घेतला, पाहिला, आणि आजीला मिठी मारली. रखमाबाईने तिला दोनदा दूर ढकललं. सुरजने फोटोचा फोटो घ्यायला मोबाईल काढला, तेव्हा चौघे एकदम ओरडले आणि त्याने तो खिशात घातला. नवा जावई, त्याला अटी माहीत नव्हत्या.

चहाच्या वेळी मार्सेल निघायला उठला.

"अरे, थांब," रखमाबाई म्हणाली. "पेटीत एक हिरवं लुगडं हाय. माझ्या लेकीने दिलेलं, घडी मोडली नाय. हिरवं कशात चांगलं येतं?"

जागृतीने आईकडे पाहिलं.

"फूजीत," संजना म्हणाली. "पण आई, तुम्ही एकदाच म्हणाला होतात."

"त्याने खोटं सांगून काढला ना? मग तो मोजायचा नाय." ती मार्सेलकडे वळली. "केळीत बसवू नको. विड्याच्या पानांच्या मांडवात बसव. आणि या वेळी डबी मला आधी दाखव."

मार्सेलने छातीवर हात ठेवला. "हिरवी डबी आणतो, वहिनी. फूजीची. आत फूजीच."

"चहा पिऊन जा."

तो पुन्हा बसला. जागृती आणि सुरज सोमवारी हैदराबादला निघणार आहेत. उद्या रविवार. मार्सेल पाचूबंदरहून चर्चमध्ये सातच्या मिस्सेला जातो, मिस्सा आठला संपते, आणि साडेआठला तो हिरवी डबी घेऊन गिरीजच्या वाडीत पोचलेला असेल.